वांझ अधिक थेंब

सकाळी साडेनऊला आम्रपालीनं पांढऱ्या चिकटपट्टीचा बोटभर तुकडा दातानं तोडला, काचेच्या बरणीवर चिकटवला, त्यावर मार्करनं ‘वांझ + थेंब, दुसरी वेळ’ असं लिहिलं, आणि खाली तारीख टाकता टाकता तिचा हात थांबला. हे आपण कालच लिहिलंय. अगदी हेच शब्द, याच वळणानं, ‘झ’च्या पोटात नेहमीसारखी गाठ मारून. पण काल तर या बरण्या भरल्याच नव्हत्या. काल दिवसभर तिनं पिंजरे धुतले, मक्याची पानं कापली, कोंडा चाळला. दुसरा थेंब द्यायचा होता तो आज. मग काल लिहिलं ते कुठं? बरणीतल्या टोळाच्या मादीनं काचेवर पाय घासले, आणि त्या खरखरीबरोबर तिला घरचा फ्रीज दिसला. फ्रीजचं दार, दारातल्या अंडी ठेवायच्या खाचा, खाचांच्या खालच्या कप्प्यात सुनेच्या, ऋतुजाच्या इंजेक्शनांचा नवा खोका, आणि खोक्यावर बोटभर पांढरी चिकटपट्टी. तिनं मार्करचं टोपण लावलं. मग पुन्हा काढलं, आणि तारीख पूर्ण केली, कारण बरणीला तारीख लागतेच.

फ्रीजमध्ये विनानावाचं काही ठेवायचं नाही, हा किडेघराचा तीस वर्षांचा नियम. संस्थेच्या पाटीवर या खोलीचं नाव लांबलचक इंग्रजीत होतं, पण पाषाण रस्त्यापासून प्रयोगशाळेच्या बागेतल्या माळ्यापर्यंत सगळे तिला किडेघरच म्हणत, आणि आम्रपालीला किडेघरवाल्या बाई. नियम तिच्या हाडात इतका मुरला होता की घरीही इडलीच्या पिठावर, दह्याच्या वाडग्यावर पट्टी असे. आमच्याकडे कोथिंबिरीलासुद्धा जन्मतारीख असते, असं तिचा मुलगा प्रज्ञेश मित्रांना सांगायचा. काल संध्याकाळी सहाला औषधाच्या दुकानातून बर्फाच्या पिशवीत खोका घेऊन ती घरी पोचली तोच त्याचा अमेरिकेतून फोन. तिकडे सकाळ. कंपनीनं सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं, आणि नेमक्या याच सहा महिन्यांत डॉक्टरांनी मुलासाठी दुसऱ्यांदा प्रयत्न करू म्हटलं होतं. रिसीव्हर खांद्यात धरून ती त्याला सांगत होती, हो, गार होता खोका, वितळला नव्हता बर्फ. ऋतुजाला आज उशीर आहे, जुन्या खोक्यातलं शेवटचं इंजेक्शन थर्मासात घालून ऑफिसलाच घेऊन गेलीय. रडते का, असं त्यानं विचारलं. रडत नाही, तेच वाईट, असं ती म्हणाली. आणि तेवढ्या वेळात हातानं आपलं काम उरकून टाकलं होतं. पट्टी तोडली, लावली, लिहिलं. खोक्यात काय आहे ते हाताला ठाऊक होतं. थेंब आहे. कुणासाठी आहे तेही ठाऊक होतं.

ही वेळ दुसरी आहे, हेसुद्धा हात विसरला नव्हता.

आता काय करायचं. घरी कुणी नाही, म्हणजे घरच्या फोनचा उपयोग नाही. शेजारच्या विजयमालाबाईंकडे किल्ली असते. त्यांना सांगता येईल की फ्रीज उघडा, खोक्यावरची पट्टी काढून टाका. पण पट्टी काढायची म्हणजे ती वाचणं आलं, आणि विजयमालाबाईंनी वाचलं की विश्रांतवाडीनं वाचलं. ऋतुजाच्या मोबाइलवर फोन करून म्हणावं की खोक्याला हात लावू नकोस, मी आल्यावर काढीन? ती हुशार पोरगी. फोन ठेवल्या ठेवल्या घर गाठून खोकाच बघेल. संध्याकाळी साडेसातला ती इंजेक्शन घेते, रोज, मिनिटाचा फरक नाही. साडेसातच्या आत आपण घरी पोचायचं, पट्टी ओली करून सोलायची, दुसरी लावायची. एवढंच. जगात कुणाला कळायचं नाही. असं ठरवल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं.

बरं वाटलं नाही, कारण तिनं शब्द दिला होता. दोन वर्षं झाली. ऋतुजाच्या माहेरी, वारज्याला, चुलतबहिणीची ओटी भरायची होती. वारज्याची ती माणसं जमिनीची. शेतं बिल्डरांकडे गेली, दारात दोन दोन गाड्या आल्या, पण तोंडातली भाषा आणि डोक्यातला सोवळेपणा जिथल्या तिथं. ऋतुजानं खण-नारळाचं ताट उचललं तर थोरल्या काकूनं ते तिच्या हातातून काढून घेतलं. रागानं नाही, अगदी सहज, मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसं. तिच्याकडं नको देऊस गं, म्हणाली, वांझ हाय ती. आई, मैनाबाई, तिथंच उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. ऋतुजा तशीच जरीच्या साडीत रिक्षानं विश्रांतवाडीला आली आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून जमिनीवर बसली. प्रज्ञेशशी तिनं लग्न केलं तेव्हाही त्या घरानं तिच्याशी दीड वर्षं बोलणं टाकलं होतं. ते तिनं सोसलं होतं. हा एक शब्द तिला गिळता येईना. आम्रपालीला अशा वेळी जवळ घेता येत नसे. तिनं भाताला आधण ठेवलं, आणि पाठमोरीच म्हणाली, “आमच्या घरात ओटी नाही, खण नाही, आणि आजपासून हा शब्दही नाही. कुणी उच्चारणार नाही. मी शब्द देते.” विहारात वंदनेला पंचशील म्हणते त्या आवाजात म्हणाली, पाच शीलांना जणू सहावं जोडलं. त्यानंतर चार महिन्यांनी पहिला प्रयत्न झाला, यशस्वी झाला, आणि नवव्या आठवड्यात सोनोग्राफीच्या पडद्यावरचा ठोका दिसेनासा झाला. त्याही दिवशी घरात हा शब्द कुणी उच्चारला नाही. मनातसुद्धा आणला नाही, अशी आम्रपालीची समजूत होती.

अकराला पहिल्या सहा माद्या कापायच्या होत्या. तिनं त्या बर्फावर ठेवल्या. गारठल्या की त्या निमूट होतात. पाणातिपाता वेरमणी, मी जीवहिंसेपासून दूर राहीन, हे रोज सकाळी म्हणायचं आणि दहा वाजता बर्फ फोडायला घ्यायचा. सुरुवातीला तिला याचं फार लागे. मग तिनं मनाशी एक तोड काढली: त्यांना ती बाया म्हणू लागली. बायांनो, बसा गप. बाई, तुझा नंबर आता. कुणाला वाटेल त्यानं हिंसा वाढते. तिला वाटे, निदान कुणीतरी त्यांना हाक मारली. तीस वर्षांत बायांबद्दल ती जे शिकली ते कुठल्या पुस्तकातून नव्हे. शाळा आठवीपर्यंतची. पण टोळाच्या डोक्यामागं, मेंदूला चिकटून, खसखशीच्या निम्म्या दोन गाठी असतात, त्या चिमट्यानं काढाव्यात तर आम्रपालीनंच. पीएचडीची मुलं तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसत आणि शंभर माद्या मारून मग एक वाचवत. त्या गाठींतून एक रस पाझरतो. गंमत अशी की टोळ लहान असताना तोच रस त्याला मोठं होऊ देत नाही, बाळ ठेवतो. आणि मादी मोठी झाली की तोच रस तिला आई करतो. गाठी काढल्या की मादी खाते, उडते, भांडते, सगळं करते. फक्त अंडी भरत नाहीत, साखरेच्या कणांसारखी पांढरी बारीक राहतात. मग तिच्या पोटावर त्याच रसाचा बाहेरून एक थेंब टाकायचा. दोन दिवस काही होत नाही. तिसऱ्या दिवशी पोटातली चरबी कामाला लागते; किड्याची चरबी आळशी नसते माणसासारखी, असं किडेघर चालवणाऱ्या मॅडम म्हणत. चरबीतल्या प्रत्येक पेशीत बलक रांधायची कृती लिहिलेली असते, जन्मापासून, नरातसुद्धा असते. पण ते पान थेंबाशिवाय उघडत नाही. उघडलं की बलक तयार होतो, रक्तातून अंड्यांकडे जातो, आणि आठवड्याभरात तांदळाएवढी पिवळी अंडी. मॅडमनी आधी बलक मोजला, मग ती कृती शोधली, मग कृती उघडते कशी याच्यामागे लागल्या; त्यातच त्यांची साठी आली.

आणि आताचा हा शेवटचा प्रयोग. थेंबाचा परिणाम ओसरू द्यायचा, चरबी पुन्हा थंड पडू द्यायची, आणि दुसऱ्यांदा थेंब द्यायचा. दुसऱ्या वेळी दोन दिवस लागतच नाहीत. काही तासांत पान उघडतं. डोळ्यांना दिसत नाही, मॅडमच्या यंत्राला दिसतं. “पहिल्या वेळी घर झाडण्यात वेळ जातो, आम्रपालीबाई,” मॅडमनी समजावलं होतं, “दुसऱ्या वेळी घर झाडलेलंच असतं. तिला आठवतं.” कुणाला आठवतं, असं आम्रपालीनं विचारलं. चरबीला, मॅडम म्हणाल्या. त्या दिवशी घरी जाऊन तिनं ही गोष्ट ऋतुजाला सांगितली होती. वाढवून, रंगवून सांगितली. दुसऱ्या वेळी सोपं जातं गं, शरीराला वाट माहीत असते. ऋतुजानं कॉम्प्युटरवरून मान वर करून ऐकून घेतलं आणि म्हणाली, “टोळाच्या.”

महिनाअखेर किडेघर बंद व्हायचं होतं. खोलीचं माप घेऊन गेले होते; इथं आता गार खोली होणार आणि तिच्यात कॉम्प्युटर राहणार. किड्यांच्या सगळ्या कृती आता यंत्रात लिहून आल्यात, म्हणे. किडे पाळायची गरज नाही. माप घेणाऱ्यानं नाकाला रुमाल लावला होता. तेव्हा ही शेवटची खेप. एक वेळ चुकली की सगळी खेप वाया आणि पुन्हा करायला बाया नाहीत. म्हणून ती अकराला थांबली. एक वाजताच्या कापण्यालाही थांबली. हात नेहमीसारखा चालला, एकाही चरबीला कात्रीचा धक्का नाही. त्या हाताकडं ती पहिल्यांदाच परक्यासारखी बघत होती. दीड वाजता ती मॅडमच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली की आज लवकर जायचं आहे, चारचं कापणं जमणार नाही. मॅडमनी चष्मा काढला. तीस वर्षांत नाही, आणि आज, असं त्या चष्म्यानंच म्हटलं.

“घरी फ्रीजमध्ये चुकीचं लेबल लागलंय,” आम्रपाली म्हणाली.

“लेबल. त्यासाठी रजा. छान.” मग मॅडमनी तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं. सुनेचं औषधपाणी त्यांना माहीत होतं. “कुठलं लेबल?”

आम्रपालीनं मागे, बरण्यांच्या फळीकडं नुसतं बोट केलं.

मॅडमनी बरण्यांवरच्या पट्ट्यांकडं पाहिलं. त्यांनी लग्न केलं नव्हतं. तो शब्द त्यांच्याही वाट्याला कधी ना कधी, जिन्यात, पाठीमागं, आला असणार, हे आम्रपालीच्या डोक्यात इतक्या वर्षांत प्रथमच आलं. मग त्या उठल्या, खुंटीवरचा पांढरा कोट काढला आणि म्हणाल्या, “जा तुम्ही. चारचं मी कापते. धार लावलेली कात्री कुठंय ती फक्त सांगून जा.” त्यांनी पंधरा वर्षांत कात्री हातात घेतली नव्हती.

बस शिवाजीनगरपर्यंत बरी चालली. पुढं पुलाचं काम. संगमवाडीच्या अलीकडं जी उभी राहिली ती राहिलीच. कंडक्टर कुणाला तरी सांगत होता की घाई असेल तर चालत जा, फुकट आहे. खिडकीशी बसून आम्रपाली तो शब्द पहिल्यांदा कधी लिहिला ते आठवत होती. आठवायचं नव्हतं, पण बस हलत नसली की माणसाचं दुसरं काय हलणार. चौऱ्याहत्तर साल. ती तेवीस वर्षांची. नोकरीला लागून दोन महिने, लग्नाला चार वर्षं. मॅडम तेव्हा वेणीवाल्या, नुकत्या लागलेल्या. त्यांनी इंग्रजीत एक आगगाडीएवढा शब्द सांगितला, गाठी काढलेल्या माद्यांसाठी, आणि म्हणाल्या बरण्यांवर लिहा. स्पेलिंग विचारायची लाज वाटली. तिनं आपल्या बुद्धीनं ‘वांझ’ लिहिलं. थेंब दिलेल्यांवर ‘वांझ + थेंब’. गाठी शाबूत असलेल्यांवर ‘लेकुरवाळ्या’. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मग म्हणाल्या, राहू द्या, यात चूक होणार नाही. तेच राहिलं. मद्रासची, कलकत्त्याची मुलं आली, मराठीतला पहिला शब्द म्हणून तोच शिकून गेली.

हा किस्सा तिनं हजारदा सांगितला होता, हसत. स्पेलिंगची लाज, एवढंच त्याचं कारण. पण बस उभी होती, आणि तिच्या बाहेर, ऊन लागलेल्या धुळीत, तिला त्या चौऱ्याहत्तर सालातली आदली संध्याकाळ दिसली. खडकीच्या त्यांच्या चाळीत शेजारी बारसं होतं. ओटी-खण सोडून दिलेली सगळी माणसं. बाबांचा फोटो, निळं कापड, कुणी कुणाला काही म्हणालं नाही. फक्त पाळण्याशी बायका गोळा झाल्या तेव्हा सासूबाईंनी तिला हळूच सांगितलं, आम्रपाली, नळ आलाय, जरा बघ. नळ आला नव्हता. ती कोरड्या नळाखाली बादली धरून बारसं संपेपर्यंत उभी राहिली. त्या मंडळींनी शब्द उच्चारलाच नाही. म्हणून तो तिच्यापाशी राहिला, न उच्चारलेला, अख्खा. आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता हातात पांढरी पट्टी आली. तिनं तो स्वतःवरून काढला आणि बरणीला लावला. वर झाकण फिरवलं. दोन वर्षांनी प्रज्ञेश झाला आणि झाकण पक्कं बसलं. तीस वर्षं तो शब्द तिनं रोज लिहिला, बायांच्या अंगावर, हसत, नीट वळणदार. हाताची चूक कसली. हातानं नेमकं तेच केलं होतं जे त्याला तिनंच शिकवलं होतं: शब्द आपल्यापाशी ठेवायचा नाही, दुसरी बाई बघायची. बस सुटली तेव्हा तिला कळलं की आपण बादलीची कडी धरावी तसा पुढच्या सीटचा दांडा धरलाय.

चारला दहा कमी असताना तिनं पर्समधून किल्ली काढली, तर दाराला कुलूप नव्हतंच. ऋतुजा घरी होती. सकाळी चहासुद्धा न घेता सोनोग्राफीला गेली होती, तिथून ऑफिसला जायची होती, गेली नव्हती. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती, ओळखपत्राची पट्टी अजून गळ्यात, आणि समोर खोका. चिकटपट्टीची बाजू वर.

आम्रपालीनं पर्स खांद्यावरून काढली नाही.

“तारीख बरोबर टाकलीय तुम्ही,” ऋतुजा म्हणाली.

कधी पाहिलंस, असं आम्रपालीनं विचारलं. काल रात्रीच, ऋतुजा म्हणाली, पाणी घ्यायला फ्रीज उघडला तेव्हा. म्हणजे सकाळचा तो न घेतलेला चहा, ते पाठमोरं ‘येते’. आपण दिवसभर जिच्या आधी पोचायला निघालो ती कालच पोचून बसली होती. आम्रपाली समोरच्या खुर्चीवर बसली. चुकून झालं, हे वाक्य तिच्या तोंडाशी होतं, खरंही होतं, पण बसमध्ये ते संपलं होतं. तिनं सगळं सांगितलं. मॅडमच्या इंग्रजी शब्दापासून नाही, नळापासून सांगितलं. प्रज्ञेशच्या बाबांनाही, ते हयात असताना, तिनं नळाचं कधी सांगितलं नव्हतं. ऋतुजा ओळखपत्राची पट्टी बोटाला गुंडाळत, सोडत ऐकत होती. ऐकून झाल्यावर क्षमा वगैरे काही बोलली नाही. तिनं विचारलं ते वेगळंच.

“थेंब दिल्यावर भरतात त्यांची अंडी?”

“भरतात.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

“मग? पिल्लं कशी असतात?”

आम्रपालीनं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की याचं उत्तर तिच्याकडं नाही. त्या बरण्यांत नर कधी सोडलेच नव्हते. अंडी पिवळी झाली की माद्या बर्फावर. तीस वर्षं, हजारो बाया.

“पुढचं आम्ही कधी पाहिलं नाही गं,” ती म्हणाली. “आम्ही त्याच्या आधीच कापतो.”

ऋतुजा हसली. खरंच हसली, नाकातून, वारज्याच्या पोरीसारखी, आणि हसता हसता तिचा चेहरा मोडला. सकाळी सोनोग्राफीत सात अंडी दिसलीत, ती म्हणाली. मागच्या वेळी या दिवशी बारा होती. डॉक्टर म्हणाले, होतं असं, सातही पुरतात. “तुमच्या मॅडम म्हणतात ना, शरीराला आठवतं? आठवत असेल, आई. माझ्याला पुढचंच, नवव्या आठवड्याचंच आठवत असेल.”

या वेळी आम्रपालीला आधणात टाकायला धुतलेले तांदूळही नव्हते. ती उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि ऋतुजाच्या मागं उभी राहिली. डोक्यावर हात ठेवणार होती. तो मानेवर पडला, केसांखाली, जिथं बायांच्या त्या दोन गाठी असतात तिथं. हात तिनं तसाच ठेवला.

साडेसातला ऋतुजानं कुडता वर केला आणि म्हणाली, तुम्ही द्या. आजवर ती स्वतःच घेत आली होती. आम्रपालीनं पूड पाण्यात विरघळवली, सुई बदलली, कापसानं जागा पुसली. पोटावर आधीच्या टोचण्यांचे निळे ठिपके होते, एकाशेजारी एक. सुई गेली, औषध गेलं, सुई बाहेर आली. “दुखलं का गं?” तिनं विचारलं, आणि हा प्रश्न आपण आयुष्यात किती कमी वेळा विचारलाय, असं वाटून ती उगीचच कापूस दाबून धरत राहिली.

“दाबू नका इतकं,” ऋतुजा म्हणाली.

मग खोका पुन्हा गार ठेवायचा होता. आम्रपालीनं जुनी पट्टी सोलली. दमट झाली होती, एका ओढीत आली. ड्रॉवरमधून रीळ काढून नवा तुकडा दातानं तोडला, खोक्यावर चिकटवला, मार्कर उघडला. आणि हात पट्टीवर तसाच राहिला. विनानावाचं ठेवायचं नाही. पण नाव काय.

ऋतुजानं तिच्याकडं पाहिलं, मग त्या कोऱ्या पट्टीकडं.

“नुसती तारीख टाका, आई,” ती म्हणाली.

आम्रपालीनं तारीख टाकली, आणि अंड्यांच्या खाचांखालच्या कप्प्यात खोका ठेवून दार लावलं.